फेस, वास आणि श्वास

नवरात्र चार दिवसांवर आले, की मराठी घराच्या अंगात वारे संचारते. माळ्यावरची पितळी भांडी खाली उतरतात, पडदे बादलीत पडतात, पंख्याच्या पात्यांवरची वर्षभराची काजळी जुन्या अभ्र्याने पुसली जाते आणि घरातल्या निवृत्त पुरुषांना ‘तुम्ही जरा बाहेर फिरून या’ असे सुचवण्यात येते. गेल्या वर्षी मी बाहेर गेलो नाही. मदत करायची असे ठरवले. पस्तीस वर्षे बँकेच्या खातेवह्यांत आणि उरलेला वेळ कादंबऱ्यांत घालवलेल्या माणसाने घरकामात मदत करायचे मनावर घेतले, की काय होते ते सांगायला लाज वाटते. पण सांगितले पाहिजे.

आमच्याकडे बारा वर्षांपासून कामाला येणाऱ्या मावशी न्हाणीघर धूत होत्या. फरशीवरचे पांढरे डाग निघावेत म्हणून त्यांनी संडास धुण्याचे ॲसिड टाकले होते. मी दारात उभा राहून पाहत होतो. कोपऱ्यातला एक डाग काही हटत नव्हता. कपडे पांढरेशुभ्र करण्याच्या द्रवाची बाटली खिडकीत होती. मी ती उचलली आणि ‘थांबा मावशी, हे टाकून बघू’ म्हणत अर्धी बाटली त्यावर उपडी केली.

क्षणभर काहीच झाले नाही. मग फरशी फसफसली आणि नाकात सुई खुपसावी तसा वास आला. मी दारात होतो, मागे सरलो. मावशी आत होत्या, खाली वाकलेल्या. खोकत, भिंत धरत त्या बाहेर आल्या आणि गॅलरीत जाऊन बसल्या. पुढचा अर्धा तास त्यांना एक सबंध वाक्य बोलता आले नाही. बायकोने सगळ्या खिडक्या उघडल्या, मला बाजूला केले आणि रिक्षा बोलावली. वेळेवर उपचार मिळाले आणि दोन दिवसांत त्या सावरल्या. त्या सावरल्या म्हणूनच हा लेख लिहिण्याचे धाडस मी करतो आहे.

डॉक्टरांनी मला सांगितले, ते ऐकून मी गप्प झालो. संडासाच्या ॲसिडमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असते, ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट. दोन्ही एकत्र आले, की क्लोरीन वायू सुटतो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ जर्मन सैन्याने शत्रूच्या खंदकांवर सोडला, तोच हा वायू. मी तो सहा बाय चारच्या न्हाणीघरात, सदिच्छेपोटी तयार केला होता.

घरी आल्यावर चष्मा लावून दोन्ही बाटल्या वाचल्या. दोन्हींवर सूचना होती, की दुसऱ्या रसायनात मिसळू नये. सूचना इंग्रजीत होती आणि अक्षरे खसखशीएवढी. कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी बारीक अक्षरांतला मजकूर नीट वाचा, असे मी आयुष्यात हजारो खातेदारांना बजावले असेल. स्वतःच्या घरातल्या बाटलीवरची चार ओळींची अट मात्र मी कधी वाचली नव्हती. मावशींना मराठी उत्तम वाचता येते. आमच्याकडे चहा पिताना त्या रोज वर्तमानपत्र वाचतात. पण जी बाटली त्यांनी वापरायची, ती त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलतच नव्हती.

हा झाला अपघात, एका दिवसाचा. त्यानंतर मी या विषयावर जे मिळेल ते वाचू लागलो, तेव्हा लक्षात आले, की खरी काळजी रोजच्या दिवसांची आहे. नॉर्वेतल्या बर्गेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. युरोपातल्या सहा हजारांहून अधिक लोकांच्या फुप्फुसांची क्षमता त्यात वीस वर्षे पाहिली गेली होती. वयाबरोबर ही क्षमता सगळ्यांचीच घटते. पण घराची किंवा दुसऱ्यांच्या जागांची साफसफाई करणाऱ्या स्त्रियांची ती अधिक वेगाने घटलेली आढळली. फवारे आणि द्रव यांचा रोज थोडा थोडा श्वासात जाणारा अंश वर्षानुवर्षे श्वासनलिकेच्या अस्तराला चुरचुरवत राहतो, हे त्याचे कारण असावे असा त्यांचा तर्क आहे. बहुतेक कामांना चांगले फडके आणि पाणी पुरते, असेही याच संशोधकांनी सांगितले. युरोपातल्या त्या बायका खिडकीला पडदे असलेल्या मोठ्या घरांतून काम करत असतील. आपल्याकडच्या मावशी एका सकाळी चार घरांत जातात, आणि चारही घरांतली न्हाणीघरे बिनखिडकीची असू शकतात.

मग इतके सारे आपण ओततो तरी कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर मला एका जुन्या कर्जदाराने दिले होते. तेव्हा मला ते कळले नव्हते, एवढेच.

ऐंशीच्या दशकात मी सांगली जिल्ह्यातल्या एका शाखेत होतो. धुण्याची पावडर बनवण्याच्या छोट्या कारखान्यासाठी एक तरुण कर्ज मागायला आला होता. त्याची जागा पाहायला गेलो. पत्र्याची शेड, लोखंडी घमेली, फावडी. सोडा ॲशचा ढीग, त्यावर ओतायची काळपट तपकिरी ॲसिड स्लरी, वजन वाढवायला मीठ, आणि शेवटी निळे दाणे व अत्तर. मी अधिकारी थाटात विचारले, ‘रंग आणि वास यांनी कपडे जास्त स्वच्छ होतात का?’ तो हसला. म्हणाला, ‘नाही साहेब. फेसानंसुद्धा होत नाहीत, एका मापाच्या पुढं. पण गिऱ्हाईक मळ निघालेला बघत नाही. गिऱ्हाईक फेस बघतं आणि वास घेतं. तेवढंच आपण विकायचं.’

मी कर्ज मंजूर केले. त्याने ते वेळेवर फेडले. त्याचे ते वाक्य मात्र माझ्याकडे थकबाकीत पडून होते, ते परवा न्हाणीघराच्या दारात वसूल झाले. आपण स्वच्छता विकत घेत नाही, तिची खूण विकत घेतो. फरशी स्वच्छ असूनही तिला ‘फिनेलचा वास येत नाही’ म्हणून ती पुन्हा पुसायला लावणारी घरे मी पाहिली आहेत. आमचेही त्यांतलेच होते. खरे तर स्वच्छ वस्तूला वास नसतो. धुतलेल्या तांब्याला, उन्हात वाळलेल्या चादरीला ‘पाइन’चा किंवा ‘लॅव्हेंडर’चा वास येत नाही. आला, तर तो कशाचा तरी थर आहे, धुवायचा राहिलेला.

इथपर्यंत वाचल्यावर काही वाचक म्हणतील, कळले, आता हे आपल्याला राखेकडे आणि रिठ्यांकडे नेणार. थोडेसे नेणार आहे. पण डोळे मिटून नाही.

माझे बालपण दापोली तालुक्यातल्या एका खेड्यात गेले. घर शेणाने सारवलेले, अंगणाला माडाच्या हिरांचा खराटा. आई भांडी घासायची ती चुलीतल्या चाळलेल्या राखेने आणि काथ्याच्या बोळ्याने. तांब्या-पितळेला चिंच, रेशमी लुगड्याला रिठे. यात जादू नव्हती, रसायनशास्त्रच होते. राखेतला क्षार तुपकट थराशी मिसळला, की त्याचा थोडाफार साबणच तयार होतो. चिंचेतले टार्टारिक आम्ल तांब्यावरचा काळा थर विरघळवते. रिठ्याच्या सालीतले सॅपोनिन पाण्यात फेस करते आणि मळ सुटा करते. पण या चित्राच्या चौकटीत आईची बोटेही आहेत. थंडीत गार पाण्याने आणि राखेने त्यांना भेगा पडत आणि रात्री दिव्यापाशी बसून ती त्यांत कोकमाचे तेल तापवून भरत असे. तेव्हाचे सगळे निर्मळ आणि आताचे सगळे विषारी, अशी वाटणी करायला मी तयार नाही. ती वाटणी करणाऱ्यांनी बहुधा भांडी घासलेली नसतात.

‘नैसर्गिक’ हा शब्दही जपूनच वापरावा. रिठ्याचे पाणी माशांना विषारी असते. लिंबू नैसर्गिक खरे, पण संगमरवर, शहाबादी, कडप्पा, कोटा हे चुन्याच्या जातीचे दगड. त्यांवर लिंबू किंवा व्हिनेगर पडले, की चकाकी कायमची जाते. आणि महत्त्वाचे म्हणजे, ब्लीचमध्ये लिंबू किंवा व्हिनेगर मिसळले तरी क्लोरीन सुटतो. वायूला आपला उगम झाडाचा की कारखान्याचा, हे ठाऊक नसते. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून जो फसफसाट दाखवला जातो, तोही डोळ्यांचाच खेळ. एक आंबट, एक क्षारीय. दोघे एकमेकांना मारतात आणि मागे उरते ते जवळजवळ खारट पाणी. संत्र्या-मोसंब्यांच्या साली, गूळ आणि पाणी महिनोन् महिने मुरवून जे ‘बायो-एन्झाइम’ बनवतात, ते मीही करून पाहिले. रोज झाकण सैल करायला विसरलो आणि एके रात्री ते तोफेसारखे उडून छताला लागले. जे तयार झाले ते फरशी पुसायला बरे होते, कारण ते आंबट होते. त्यापलीकडचे चमत्कार मला तरी दिसले नाहीत.

तेव्हा धार्मिक उत्साह बाजूला ठेवून साधा हिशेब मांडू. घरातली घाण तीन-चार जातींचीच असते आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा.

धूळ असेल, तर ओले फडके. नुसता केर उडवला, तर धूळ जागा बदलते, घर सोडत नाही. ओशटपणा असेल, तर क्षार: अर्धी बादली कोमट पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा. ओट्यामागच्या टाइल्स, चिमणीची जाळी, फोडणीच्या वाफेने चिकट झालेले डबे यांना तो पुरतो. मात्र हाताला तो तिखट लागतो, म्हणून हातमोजे हवेत, आणि ॲल्युमिनियमची भांडी त्यापासून दूर ठेवायची, ती काळी पडतात. बोअरच्या पाण्याचे पांढरे चट्टे असतील, तर उलट, आंबट हवे: अर्धा लिटर कोमट पाण्यात एक मोठा चमचा लिंबूसत्त्व. त्यात फडके भिजवून नळावर, बादलीवर, चिनीमातीवर अर्धा तास गुंडाळून ठेवायचे आणि मग घासायचे. ज्या डागावर मी अर्धी बाटली ओतली, तो चुन्याचाच होता. ब्लीचने तो सात जन्मांत गेला नसता. आणि कुबट, बुरशीचा वास असेल, तर वारा आणि ऊन. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढणे, हे त्यावरचे अर्धे औषध आहे.

राहिले जंतू. त्यांच्या भीतीवर एक मोठा बाजार उभा आहे, पण भीती पूर्ण खोटीही नाही. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने सहकाऱ्यांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. आपल्या ग्रामपंचायती विहिरीत टीसीएल पावडर टाकतात, ती त्याच कुळातली. घरात कुणाला जुलाब-उलट्या होत असतील, तर संडासाला ब्लीच वापरावे, अवश्य वापरावे; एकटे, पातळ करून, खिडकी उघडी ठेवून. पण रोजच्या धडधाकट दिवशी? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये ट्रायक्लोसानसह एकोणीस जंतुनाशक द्रव्ये हात धुण्याच्या घरगुती साबणांतून हद्दपार केली. ती साध्या साबण-पाण्यापेक्षा सरस आहेत, हे उत्पादकांना सिद्ध करता आले नव्हते. औषध दुखण्याला असते. ते रोज जेवणात घालत नाहीत.

आणि हे सारे मोरीतून जाते कुठे? पुण्यात राहणाऱ्या माणसाला त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. गेल्या काही वर्षांत आळंदीला इंद्रायणीवर पांढऱ्या फेसाचे थर तरंगताना आपण सगळ्यांनी छायाचित्रांत पाहिले, वारकऱ्यांनी प्रत्यक्ष पाहिले. त्यात कारखान्यांचे सांडपाणी आहे, तसे प्रक्रियेविना सोडलेले घराघरांतलेही आहे. बंगळूरच्या बेलंदूर तलावावरच्या फेसाने तर २०१५ मध्ये पेट घेतला होता. आपल्या न्हाणीघरात आवडणारा फेस नदीवर दिसला, की आपण नाकाला रुमाल लावतो. फेस एकच आहे.

बाजाराला वाऱ्याची दिशा लगेच कळते. आता बाटल्यांवर हिरवी पाने आली आहेत, ‘हर्बल’ आणि ‘निसर्गस्नेही’ हे शब्द आले आहेत. १९९१ साली केंद्र सरकारने अशा मालासाठी ‘इकोमार्क’ नावाची खूण काढली होती, मातीच्या मडक्याची. साबण-पावडरींचाही तिच्यात समावेश होता. मी तरी ते मडके आमच्या वाण्याच्या फळीवर कधी पाहिले नाही. २०२४ मध्ये त्या योजनेचे नवे नियम आले आणि त्याच वर्षी, पुराव्याशिवाय असले हिरवे दावे करू नयेत, अशी मार्गदर्शक तत्त्वेही ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने काढली. चांगलेच झाले. पण बँकेत एक धडा मी शिकलो होतो, की तारणाचे कागद कितीही देखणे असले, तरी जागेवर जाऊन माल पाहावा. बाटलीवरचे पान पाहू नये. मागची घटकद्रव्ये पाहावीत, आणि ती छापलीच नसतील, तर बाटली फळीवर परत ठेवावी.

आता सगळ्यात अवघड रक्कम, जी अशा लेखांत सहसा नोंदली जात नाही.

आमच्या घरातून ॲसिड गेले. मला फार बरे वाटले. आठ दिवसांनी बायकोने विचारले, ‘ॲसिडनं न्हाणीघर दहा मिनिटांत व्हायचं. आता फडकं गुंडाळून ठेवा, थांबा, घासा, यात अर्धा तास जातो. तो अर्धा तास कुणाचा?’

तो मावशींचा होता. अर्ध्या तासाने त्यांचे पुढचे घर चुकत होते, तिथे बोलणी बसत होती. मी पर्यावरणाचा विचार करून समाधान माझ्या खाती जमा केले होते आणि खर्च त्यांच्या नावे टाकला होता. ॲसिड म्हणजे काय, तर विकत घेतलेला वेळ. गरीब बाईच्या श्वासाच्या बदल्यात वाचवलेली वीस मिनिटे. ते काढून टाकायचे, तर ती वीस मिनिटे कुणीतरी भरायला हवीत, पगार वाढवून किंवा स्वतः फडके हातात घेऊन. आम्ही दोन्ही केले. पगार वाढवला, आणि न्हाणीघर आठवड्यातून दोनदा मी घासतो. गाडगेबाबा गावात शिरले, की आधी स्वतः झाडू हातात घेत आणि मग रात्री कीर्तनात बोलत. क्रम तोच असायला हवा होता. माझा उलटा झाला, पण झाला.

आता आमच्या मोरीच्या फळीवर तीन बरण्या आहेत: धुण्याचा सोडा, लिंबूसत्त्व आणि साबणाचा चुरा. ब्लीचची लहान बाटली वेगळ्या कपाटात, कुलपात. प्रत्येकीवर मी मोठ्या मराठी अक्षरांत चिठ्ठी डकवली आहे: हे काय आहे, कशाला वापरायचे, कशात मिसळायचे नाही. मावशींनी त्या वाचल्या, एका चिठ्ठीतले शुद्धलेखन सुधारले आणि म्हणाल्या, ‘काका, मला दोन जास्तीच्या लिहून द्या. बाकीच्या घरी लावते.’

दिल्या लिहून. एका घराने चिठ्ठी लावली. दुसऱ्या घराने ‘आमचे डाग असे जायचे नाहीत’ म्हणून परत केली. तिथे मावशी अजूनही दार लोटून, तोंडाला पदर बांधून ॲसिड टाकतात. पदराने वायू अडत नाही, हे आता त्यांनाही ठाऊक आहे.

लक्ष्मीपूजनाला आपण नवी केरसुणी आणतो, तिला हळदकुंकू वाहतो. या दिवाळीलाही वाहू. त्याआधी आज रविवारची सवड आहे, तर चहा झाल्यावर एकदा मोरीतल्या बाटल्या उजेडात आणून, चष्मा लावून वाचाव्यात. ते दुसरे घर आपले नाही ना, एवढी खात्री करून घ्यावी.